बिनविरोधांची मतं

हिंदवाडी, बेळगाव
१२ जानेवारी २०२४

चि. वृषभ,

आशीर्वाद गृहीत धर. दर पत्रात तेच लिहून कागद घालवायचा नाही.

परवा फोनवर तू जे सांगितलंस त्यातलं निम्मं मला कळलं आणि निम्मं तू गिळलंस. म्हणून हे पत्र. फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस. हे कागद मी कोपऱ्यावरच्या शामूच्या झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून तुला ईमेलने पाठवणार आहे. शामू म्हणाला, “बाई, मोबाइलवरच टाइप करा की. हेलपाटा कशाला?” मी म्हटलं, “तुला गिऱ्हाईक नको असेल तर तसं सांग.” तूही असंच लिही. हाताने आणि पूर्ण वाक्यांत.

मला कळलं ते असं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हॉलंडच्या संसदेच्या निवडणुकांत कुणाला किती मतं पडली याचा एक पक्का तक्ता तुला करायचा आहे. मतं देणारे मेले, घेणारे मेले, पण आकडे अजून भांडतायत. तीन पुस्तकांत तीन आकडे. हा तक्ता ऑक्टोबरपर्यंत मंजूर झाला तर विद्यापीठ तुझा करार तीन वर्षांनी वाढवणार. नाही झाला तर तुला तिथून निघावं लागणार. आणि निघालास की इकडे निपाणीत तुझा बाप तंबाखूच्या पेढीवरची गादी झटकून बसलेलाच आहे.

ते मी होऊ देणार नाही. कॉन्व्हेंटमधून बाहेर पडले तेव्हा मला मुंबईला संख्याशास्त्राला प्रवेश मिळाला होता. ‘पोरीला एवढं बास झालं’ म्हणून ज्यांनी मला परत आणलं त्यांच्यातला एकच माणूस आता जिवंत आहे, आणि तो माझा अण्णा, तुझा बाप आहे. मग मी सांख्यिकी खात्यात चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांच्या चुका काढत बसले. ते मला उत्तम जमतं.

तेव्हा तुझे कागद माझ्याकडे पाठव. मला डच येत नाही, पण आकड्यांना भाषा नसते आणि शब्दकोश विकत मिळतो. डोळे शाबूत आहेत. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच काय करायचं ते निवृत्तीनंतर मला कुणी सांगितलेलं नाही.

तुझी आत्ती,
राजेश्वरी


हार्लेम
४ फेब्रुवारी २०२४

आत्ती,

हाताने लिहितोय. चुका काढू नकोस म्हणणार होतो, पण तू काढशीलच.

पहिला गठ्ठा ईमेलने पाठवला आहे. आधी इथली त्या वेळची पद्धत सांगतो. तेव्हा आपल्यासारखेच मतदारसंघ होते, एकेका ठिकाणाहून एक माणूस निवडून यायचा. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच पडली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान व्हायचं. इथेच पहिला घोळ आहे. सरकारी पुस्तकात पहिल्या फेरीची मतं दिलीत, वर्तमानपत्रांवरून केलेल्या पुस्तकात दुसऱ्या फेरीची, आणि एका दिवंगत प्राध्यापकांच्या पुस्तकात दोन्हींची बेरीज करून ठेवलीय.

दुसरा घोळ पक्षांचा. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसायचं. एकाच उमेदवाराला दोन-दोन, तीन-तीन पक्ष आपला म्हणायचे. त्यामुळे त्याची मतं प्रत्येक पुस्तकात वेगळ्याच पक्षाच्या खात्यावर पडलीत.

तिन्ही आकडे शेजारी मांडायचे, का जुळत नाहीत ते शोधायचं आणि शेवटच्या रकान्यात एकच आकडा लिहायचा, इतकंच काम आहे. मी गेले आठ महिने ते करतोय आणि अजून तिसऱ्या प्रांतात अडकलोय.

एक गोष्ट आपल्यातच राहू दे. कागद तुझ्याकडे येतात हे मी माझ्या प्राध्यापक बाईंना सांगितलेलं नाही. बाहेरच्या माणसाकडून काम करून घ्यायचं तर इथे लेखी परवानगी लागते, आणि ‘माझी आत्ती’ हे त्यांना कसं समजावून सांगायचं ते मला कळत नाही.

निपाणीहून आप्पांचा फोन आला होता. म्हणाले, “मेलेल्या मानसांची मतं मोजाय पगार देत्यात व्हय तुला? मग हितं बी लई काम हाय की.” मी हसलो. ते हसत नव्हते.

थंडी खूप आहे. सायकलवरून एकदा पडलो, फार लागलं नाही.

वृषभ


हिंदवाडी, बेळगाव
२८ मार्च २०२४

चि. वृषभ,

पहिला गठ्ठा संपला. पुढचा पाठव. तू आठ महिने काय करत होतास?

सरकारी पुस्तकावर विश्वास ठेवायचा नाही हे शिकायला मला हॉलंडला जायला नको. आपल्याकडे सीमाप्रश्नाच्या समितीचा माणूस उभा राहतो. भिंतीवर समिती, कर्ण्यावर समिती, आणि निकालाच्या पुस्तकात तो ‘अपक्ष’. शंभर वर्षांनी तुझ्यासारखा एखादा हार्लेमचा पोरगा बेळगावात येऊन ते पुस्तक उघडेल आणि लिहून ठेवेल की या भागातल्या लोकांना कुठलाच पक्ष नको होता. इथल्या उचगावातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने चहा पाजून सांगितलं असतं कोण कुणाचा माणूस होता ते. पण तोवर विचारायला कोण उरेल?

म्हणून मी तुझ्या पुस्तकांतली पक्षाची नावं बघतच नाही. सभा कुणी बोलावली, शेवटच्या दिवशी कुणी आपला माणूस मागे घेतला, ते वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून काढते. एकदा ते कळलं की माणूस कुणाचा ते कळतं. शब्दकोशाची पानं सैल झाली आहेत.

अण्णा मंगळवारी डोळे दाखवायला बेळगावला आला होता. जेवणाच्या टेबलावर सगळे तुझेच कागद.

“हे काय मांडलंयस, राजी?”

“वृषभचं काम आहे.”

“त्याला जमंना व्हय?”

“जमतं. मी नुसती मदत करते.”

“म्हंजे जमंना.” त्याने एक पान उचललं, बराच वेळ उलटं धरून बघितलं आणि खाली ठेवलं. “मला एक सांग. हे झालं की पोरगं तिकडंच ऱ्हाणार?”

“राहणार.”

“मग गादीचं काय ते एकदा सांगा बाबा. सौरव दोन सालं माझ्या मागं लागलाय. मी त्याला आज सांगतो, उद्या सांगतो करत बसलोय.”

सौरव म्हणजे आमच्या चुलतभावाचा, आण्णाप्पाचा थोरला. त्याचं शिक्षण बेताचं, पण पहाटे उठतो. मी म्हटलं, ऑक्टोबरात सांगते. अण्णा न जेवताच गेला. भाकरी तशाच राहिल्या.

आणखी एक. दक्षिणेकडे, लिम्बर्ग-ब्राबांटच्या बाजूला, काही ठिकाणी कॅथलिकांचा माणूस बिनविरोध आलेला आहे. तिथे तिन्ही पुस्तकांत मतांचा रकाना मोकळा आहे. एकानेही आकडा लिहायची तसदी घेतलेली नाही. हा निव्वळ आळस. तुझे आज्जा पंचायतीवर बिनविरोध आले तेव्हा दिवसभर हलगी वाजत होती. वेशीजवळच्या बायाक्काच्या दारापासून जैन बस्तीपर्यंत सगळा रस्ता गुलालाने लाल. आईने माझे कॉन्व्हेंटचे पांढरे मोजे तीनदा धुतले तरी ते गुलाबीच राहिले, आणि मदरनी मला वर्गाबाहेर उभं केलं. बिनविरोध म्हणजे अख्ख्या गावाचं मत. त्याहून मोठं मत कुठलं? रकाना मोकळा सोडायचा म्हणजे ज्याच्या विरुद्ध एकही माणूस उभा राहिला नाही त्याला एकानेही मत दिलं नाही, असं होतं. मी तिथे त्या त्या मतदारसंघातले सगळे मतदार त्याच्या नावावर लिहिले आहेत. शेजारी कारण लिहिलेलं नाही. एवढ्याला कारण लागत नाही.

पुढचा गठ्ठा लवकर पाठव. आणि सायकल जपून चालव.

आत्ती


हार्लेम
२३ जून २०२४

आत्ती,

शेवटची पानं पोचली. सगळा तक्ता बांधून झाला, उद्या तो परीक्षकांकडे जातोय. मला अजून खरं वाटत नाही.

बाईंनी पक्षांचा रकाना बराच वेळ बघितला. हे कसं ठरवलंस म्हणून विचारलं. मी तुझंच सांगितलं, सभा कुणी बोलावली, माणूस कुणी मागे घेतला. माझंच म्हणून सांगितलं. कान तापले होते. त्या म्हणाल्या, पद्धत चांगली आहे, हिच्यावर पुढे वेगळा लेख होईल. करार वाढायला आता काही अडचण दिसत नाही, असंही म्हणाल्या.

तुझी पानं मी पुन्हा तपासली नाहीत. दोनदा तपासायला बसलो होतो. पण सुट्टीत तुझ्याकडे यायचो तेव्हा तू गणितं घालायचीस. तुझं उत्तर चुकलंय असं मला अनेकदा वाटायचं आणि दर वेळी चुकलेलो मीच असायचो. तेव्हापासून आत्तीचं तपासायचं म्हणजे हात चालत नाही. शिवाय वेळही नव्हता.

तुला इथून काय आणू ते सांग. चीज तू खाणार नाहीस, माहीत आहे.

वृषभ


हिंदवाडी, बेळगाव
२६ ऑगस्ट २०२४

चि. वृषभ,

मला काही आणू नकोस. तू तिथे राहा म्हणजे झालं.

इकडची बातमी. मी ऑक्टोबरची वाट बघितली नाही. बाईंनी तोंडाने सांगितलं ना? झालं तर. त्याच आठवड्यात निपाणीला गेले आणि अण्णाला सांगून टाकलं, पोरगं येत नाही, गादीचा निकाल लाव. अण्णा म्हणाला, “त्याच्या तोंडनं ऐकू दे.” मी म्हटलं, “त्याला तोंड असतं तर मी कशाला आले असते? तो तुला घाबरतो.” अण्णाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, “माझ्या आज्जाची गादी हाय ती.” मी म्हटलं, “मग आज्जाच्याच पणतूला जाते आहे. सौरव काय परका आहे?”

श्रावणात पूजा करून सौरव बसला. सौरव आणि त्याची बायको निशा पेढे घेऊन बेळगावला आले होते. फार चांगली मुलगी. म्हणाली, “आत्ती, तुमच्यामुळं झालं हे.” मी दोन पेढे खाल्ले. मला साखर आहे, तरी खाल्ले.

अण्णा आता दुपारचाच घरी येतो म्हणे. पेढीवर तासभर बसून उठतो. बरंच झालं. त्या तंबाखूच्या धुळीत त्याची छाती गेली आहे.

गल्लीत सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या धोंडूबाईंनी विचारलं, “तिथली इलेक्शन मोजून त्याला काय मिळतं?” मी म्हटलं, “तुमचा मंथन दिवसभर मोबाइलवर जे बघतो त्यातून त्याला काय मिळतं?” तेव्हापासून बोलत नाहीत. शांतता आहे.

आत्ती


हिंदवाडी, बेळगाव
३१ ऑक्टोबर २०२४

वृषभ,

ऑक्टोबर संपला. माझे दोन ईमेल पाठवून झाले, एकाचंही उत्तर नाही. दिवाळीचा फोन तू दोन मिनिटांत आटोपलास आणि मी करार विचारला तेव्हा तुला दुसरा फोन आला. तो दुसरा फोन मला ऐकू आला नाही.

मोठ्या नोकरीची इतकी मिजास बरी नव्हे. दोन ओळी लिही.

आत्ती


हार्लेम
१७ नोव्हेंबर २०२४

आत्ती,

करार वाढला नाही. या विषयाला मिळणारा निधी आटला, इथे सगळीकडेच कपात चालू आहे. कुणाचा दोष नाही.

राहायचा परवाना फेब्रुवारीअखेर संपतो. तोवर इथल्या फुलांच्या गोदामात काम करतोय. खोक्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. वास चांगला असतो, पहिला तासभर. दुसरीकडे अर्ज करतोय. बाईंनी शिफारसपत्र द्यायचं कबूल केलंय, ते मिळालं तर जर्मनीत एका ठिकाणी जमू शकतं. आता सगळं त्याच्यावर आहे.

आप्पांना अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. तू काहीच करू नकोस आत्ती. खरंच काही करू नकोस.

वृषभ


हिंदवाडी, बेळगाव
२९ नोव्हेंबर २०२४

चि. वृषभ,

काही करू नकोस म्हणे! निधी आटला! म्हणजे काम करून घेतलं आणि पोराला फुलांच्या खोक्यांपाशी उभं केलं. मी हे आयुष्यभर बघितलंय. काम करणाऱ्याला कपात लागते आणि कपात करणाऱ्याला कधी लागत नाही.

मी तुझ्या बाईंना पत्र लिहिलं आहे. पत्ता विद्यापीठाच्या पानावर होता, शामूने शोधून दिला. मदर लिहायला शिकवत तशा इंग्रजीत तीन पानं लिहिली, एकही खाडाखोड नाही. त्यांना स्पष्ट कळवलं की ज्या तक्त्याची त्या एवढी वाखाणणी करत होत्या त्यातला एकेक आकडा मी स्वतः, या टेबलावर बसून, तीन पुस्तकं ताडून लिहिला आहे. सरकारी नोकरीतला माझा अनुभव कळवला. माझ्यासारखी बाई महिनोन् महिने एक पैसा न घेता काम करते ती तुमच्या विद्यापीठाच्या भल्यासाठी नव्हे, माझ्या भाच्याच्या नोकरीसाठी, हेही लिहिलं. आता तरी लाज वाटून काही करतील.

तू भिडस्त आहेस, तुला असलं लिहिता येत नाही. तुझ्या बापापुढेही तुला कधी बोलता आलं नाही. म्हणून मी लिहिलं. उत्तर आलं की कळवते. तोवर अंगात गरम कपडे घाल, गोदामात गारठा असतो.

आत्ती


हार्लेम
२० डिसेंबर २०२४

आत्ती,

मी तुला खोटं सांगितलं होतं. निधी आटला नव्हता. परीक्षकांनी तक्ता परत पाठवला.

दक्षिणेतल्या कॅथलिकांची मतं फार जास्त निघाली. तिथे जी मतं पडलीच नव्हती ती आपल्या तक्त्यात होती. इथे एकच उमेदवार असेल तर मतदानच होत नसे. पेटी ठेवलीच जात नसे. कुणी मत दिलं नाही, कुणी नाकारलं नाही. तिथे रकाना मोकळाच ठेवायचा असतो. शून्य नाही आणि आकडाही नाही. इथल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे माहीत असतं, त्यामुळे तुला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

एका परीक्षकाने मला विचारलं, तू कॅथलिक शाळेत शिकलास का. मी नाही म्हणालो.

बाईंनी विचारलं, हे आकडे तू का लिहिलेस? मला माहीत नाही म्हणालो. मी ते लिहिलेच नव्हते. माझ्या तक्त्यातल्या आकड्याचं कारण मला माहीत नाही, हे त्यांना चुकीपेक्षा वाईट वाटलं. करार तिथेच गेला. तरीही त्या म्हणाल्या होत्या, बाकीचं काम चांगलं आहे, एक चूक कुणाचीही होते, जर्मनीसाठी मी लिहून देते.

मग तुझं पत्र आलं.

त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, हे खरं आहे का. खरं होतं. दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून दिलं, याची इथे चौकशी होते. चौकशीचा कागद माझ्या नावावर आता राहणार. शिफारसपत्र नाही. जर्मनीला मी स्वतःच नकार कळवला, त्यांनी विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

तुझं मार्चचं पत्र काल पुन्हा काढून वाचलं. तू सगळं लिहिलं होतंस, सगळे मतदार त्याच्या नावावर लिहिले म्हणून. मी ते तेव्हाही वाचलं होतं. गुलाबी मोज्यांपाशी हसलो आणि पुढे गेलो.

मी रागावलेलो नाही. राग असता तर फोन केला असता.

वृषभ


हिंदवाडी, बेळगाव
१२ जानेवारी २०२५

चि. वृषभ,

तुझं पत्र आल्यावर पहिले काही दिवस मी त्यांचा नियम कसा चुकीचा आहे ते कागदावर मांडत होते. दहा पानं झाली. अजूनही मला तो चुकीचाच वाटतो. पण त्याचा तुला काही उपयोग नाही, म्हणून फाडली.

तुझ्या बाईंना दुसरं पत्र लिहिलं. चूक माझी आहे, पोराची नाही, त्याने मला विश्वासाने काम दिलं आणि मी न विचारता आकडे भरले, असं लिहिलं. उत्तर दोन ओळींत आलं. आभार मानले आहेत आणि हा विषय आता संपला आहे, असं कळवलं आहे.

मग निपाणीला गेले. तू सांगू नकोस म्हणाला होतास, तरी सांगितलं. फेब्रुवारीत तू दारात उभा राहिल्यावर सांगण्यापेक्षा बरं. अण्णा पेढीवर होता, बाजूच्या बाकावर. गादीवर सौरव. मला बघून सौरव उठून उभा राहिला, अण्णा बसूनच राहिला.

मी म्हटलं, “वृषभ परत येतोय.”

“कशाला?”

मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, “म्हंजे तू त्याला तिथं ठेवाय गेलीस आन् तूच त्याला काढलंस.”

“हो.”

“बरं.”

“अण्णा, गादी…”

“गादीवर दोन मानसं बसत न्हाईत, राजी. पोरगं येत न्हाय म्हणून तूच सांगितलंस. पूजा झाली, जातभाई जेवून गेले. आता त्याला ऊठ म्हनू? कुठल्या तोंडानं म्हनू?”

सौरव म्हणाला, “आत्ती, दादा येऊ दे की. पोती उतरत्यात त्याची नोंद ठेवायला मानूस लागतोच. दादाला हिशोब चांगला येतो.” तो मनापासून बोलला. टोमणा मारला असता तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं. निशाने चहा आणला. प्यायले.

संकेश्वरपर्यंत बसमध्ये उभीच होते. नंतर जागा मिळाली.

इथे दोन कॉलेजांत विचारून आले. एकाने कागदपत्रं मागितली, दुसऱ्याने कन्नड येतं का विचारलं. तुला येतं, तसं सांगितलं. मग आधीच्या ठिकाणचं शिफारसपत्र लागेल म्हणाले.

माझ्या घरात मागची खोली रिकामी आहे. तू तिथे राहू शकतोस. नको असेल तरी मला समजेल.

आत्ती


निपाणी
६ एप्रिल २०२५

आत्ती,

आलो. महिना झाला, बेंगळुरूहून बसने आलो. बेळगावात बस वीस-एक मिनिटं थांबली होती. खाली उतरून चहा घेतला. रिक्षावाला विचारत होता, कुठं जायचं म्हणून. कुठं नाही म्हणालो आणि परत चढलो.

सौरवकडे जायला लागलोय. तो चांगला वागतो, सगळ्यांसमोर दादा म्हणतो. संध्याकाळी माझ्या नोंदी एकदा तपासतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. तपासायला हव्यातच.

आप्पा माझ्याशी बोलतात. तिकडचं विचारत नाहीत. जेवताना म्हणाले, “आता लग्नाचं बघू या.” मुलीकडचे विचारतील काय करतो, तेव्हा काय सांगायचं हे त्यांना अजून सुचलेलं नाही. मलाही नाही.

तक्ता गेल्या महिन्यात जाहीर झालाय, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. दक्षिणेतले ते रकाने मोकळे केलेत. बाकी सगळं, पक्षांसकट, तुझंच ठेवलंय. वर दोन नावं आहेत. त्यातलं एकही आपलं नाही. माझ्या जागी आलेला मुलगा हुशार आहे, मी ओळखतो त्याला.

आता पत्रं नकोत. तू लिहिलंस की मला उत्तर द्यावं लागतं, आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

वृषभ


हिंदवाडी, बेळगाव
२ जून २०२५

चि. वृषभ,

तू नको म्हणालास तरी हे एक पत्र पाठवते आहे. उत्तर देऊ नकोस.

शामूकडे जाऊन तक्ता बघितला. त्याने मोठ्या पडद्यावर उघडून दिला आणि मागे उभा राहून बघत बसला. “ह्यात तुमचं नाव कुठं हाय बाई?” म्हणाला. मी म्हटलं, “असायचं कारण नाही.” “मग पोराचं?” मी म्हटलं, “तुझं गिऱ्हाईक आलंय, जा.” कुणी आलं नव्हतं. तरी तो गेला.

दुपारभर बसून सगळा वाचला. माझ्या कच्च्या प्रती घेऊन गेले होते, ओळीला ओळ लावून बघितली. तुझ्या जागी आलेल्या हुशार मुलाने एके ठिकाणी चूक केली आहे. दक्षिणेत नव्हे, वर उत्तरेत, एका साध्या मतदारसंघात. दोनच उमेदवार, थोड्या मतांनी निकाल. रकाने सरकवताना दोघांची मतं अदलाबदल झाली आहेत. त्यामुळे जिंकलेला माणूस हरलेला दिसतो आणि एका पक्षाची एक जागा दुसरीकडे गेली आहे. तिन्ही पुस्तकांत तो निकाल सारखा आहे. भांडण नसलेल्या मोजक्या जागांपैकी ती एक.

घरी येऊन बाईंना पत्र लिहायला बसले. ‘डिअर मॅडम’ आणि पहिलं वाक्य लिहून झालं. मग मी थांबले. हे पत्र पोचलं की दुरुस्ती होईल, ते आभार मानतील आणि विषय संपवतील. त्या मुलाला कदाचित कुणी बोलेल, कदाचित बोलणार नाही. तू उद्या सकाळी पोती मोजायला जाशीलच.

चुकलेला आकडा मी आजवर कुणालाही सोडू दिला नाही. वरिष्ठांना दिला नाही, अण्णाला दिला नाही, तुला तर मुळीच दिला नाही. हा सोडला. कागद मोरीतल्या बंबात टाकला आणि पाणी तापवलं.

तो उत्तरेतला माणूस खरं तर निवडून आला होता. आता तो तिथे कायमचा हरलेला आहे. मला त्याचं काहीही वाटलं नाही.

राजेश्वरी